माणूस आणि माणसें : बांतू भाषांचें कुटुंब



माझी सारी नोकरी ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत शाळामास्तर म्हणून गेली. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचें. अशा माणसाला आफ्रिकेंतील भाषांवर बोलण्याचा अधिकार कोणीं दिला, असें आपणांपैकीं कोणी विचारील, तर तो प्रश्न रास्तच आहे. आफ्रिकेच्या भूमीला माझे पाय कधीं लागलेले नाहींत. परंतु माझ्या हातून एका विद्यार्थ्याला झालेल्या अन्यायाचा उलगडा मला ह्या दूरच्या भाषांनीं करून दिला. म्हणून आधीं ती लहानशी हकीकत सांगतों.

मुरबाड तालुक्यांतील डोंगराकडच्या एका शाळेंत मी दुसरीचा वर्ग घेत होतों. वर्गांत ठाकरवाडीवरून येणारा एक मुलगा होता. धडा वाचतांना तो 'डोळा' न म्हणतां 'डोला' म्हणे, 'पाणी'चें 'पानी' करी, आणि 'काळा' शब्द आला कीं त्याच्या तोंडीं हटकून 'काला' येई. एके दिवशीं माझा संयम सुटला. मीं त्याला सगळ्या वर्गासमोर उभें केलें आणि 'डोळा' हा शब्द दहा वेळां म्हणावयास लावलें. दहाही वेळां 'डोला'च झाला. मुलें हंसूं लागलीं. तो खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, आमची आय असंच बोलते." मी म्हणालों, "मग घरीं जाऊन आयलाही शिकव." त्या दिवसानंतर तो वाचावयास उभा राहिला नाहीं, आणि पुढच्या जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां त्याची जागा रिकामी होती. मुलगा मंद होता, अशी मीं आपल्या मनाची समजूत घातली.

सेवानिवृत्तीनंतर वाचावयास सवड मिळाली, आणि भाषांच्या नात्यागोत्यांवरील कांहीं पुस्तकें हातीं आलीं. त्यांत बांतू भाषांचें प्रकरण होतें. तें वाचतां वाचतां मला त्या मुलाचा 'डोला' आठवला, तो कां, हें आतां सांगावयाचें आहे.

आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेस कॅमेरूनपासून पूर्वेस केनियापर्यंत एक रेषा ओढली, तर तिच्या दक्षिणेकडील बहुतेक सर्व प्रदेशांत बांतू भाषा बोलल्या जातात. भाषा कोणती आणि बोली कोणती ह्याविषयीं पंडितांत एकमत नसल्यामुळें नेमका आंकडा सांगतां येत नाहीं. पण सुमारें ५०० भाषा ह्या कुटुंबांत मोडतात, आणि त्या बोलणारीं माणसें ३० कोटींहून अधिक आहेत. पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली, युगांडांतील गांडा, कांगोंतील कोंगो व लिंगाला, झिंबाब्वेंतील शोना, दक्षिण टोकाकडील झुलू, खोसा, सोथो हीं त्यांतलीं कांहीं नांवें. हें कुटुंबसुद्धां नायजर-कांगो नांवाच्या त्याहून विस्तीर्ण अशा घराण्याची एक शाखा आहे, असें मत अमेरिकन पंडित जोसेफ ग्रीनबर्ग यांनीं मांडलें. त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९६३ सालचा.

'बांतू' हें नांव मात्र कोणा राजाचें अथवा प्रांताचें नव्हे. विल्हेल्म ब्लेक नांवाचा एक जर्मन पंडित केपटाउन येथें राहून ह्या भाषांचा अभ्यास करीत होता. त्याच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला भाग १८६२ सालीं प्रसिद्ध झाला. त्याला असें आढळलें कीं, परस्परांपासून शेंकडों कोस दूर असलेल्या ह्या भाषांत 'माणूस' आणि 'माणसें' ह्या अर्थाचे शब्द जवळजवळ एकाच सांच्यांतून निघाल्यासारखे आहेत. कोंगो भाषेंत माणूस म्हणजे मुंतू, माणसें म्हणजे बांतू. झुलूंत उमुंतू, अबांतू. गांडा भाषेंत ओमुंतू, अबांतू. शोनांत मुन्हू, वान्हू. स्वाहिलींत म्तू, वातू. सोथोंत मोथो, बाथो. म्हणून ह्या साऱ्या कुटुंबाला त्यानें 'बांतू', म्हणजे 'माणसें', हेंच नांव दिलें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. दोन भाषांतील दोन शब्द सारखे दिसले, म्हणजे त्या भाषा बहिणी ठरतात असें नाहीं. स्वाहिलींत आईला 'मामा' आणि बापाला 'बाबा' म्हणतात. म्हणून मराठीचें स्वाहिलीशीं नातें आहे काय? मुळींच नाहीं. तान्ह्या मुलाच्या ओठांतून जे ध्वनि आधीं निघतात, त्यांना जगांतले आईबाप आपापलीं नांवें मानीत आले आहेत. ही झाली योगायोगाची सारखेपणाची गोष्ट.

दुसरा सारखेपणा उसनवारीचा. स्वाहिलींत वाहनाला 'गारी' म्हणतात, आणि आगगाडीला 'गारी ला मोशी', म्हणजे 'धुराची गाडी'. विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी', छापाला 'चापा', आणि पोळीला 'चपाती' हाच शब्द आहे. हे शब्द आपल्याकडच्या किनाऱ्यावरून गलबतांनीं आणि व्यापाऱ्यांनीं तिकडे नेले. 'स्वाहिली' हें नांवच 'किनारा' ह्या अर्थाच्या अरबी शब्दापासून आलेलें आहे. आपण 'कोंकणी' म्हणावें तसें. उसनें घेतलेलें भांडें शेजाऱ्याच्या घरांत आढळलें, म्हणून शेजारी आपला भाऊबंद होत नाहीं.

तिसरा सारखेपणा रक्ताचा. त्याची खूण ही कीं तो नियमानें चालतो. आतां जरा कान देऊन ऐका. स्वाहिलींत तीन ह्या संख्येला 'तातू' म्हणतात; सोथोंत त्याचें मूळ रूप 'रारो'. स्वाहिलींत पाठविणें म्हणजे 'तुमा', सोथोंत 'रोमा'. स्वाहिलींत तोडणें म्हणजे 'तेमा', सोथोंत 'रेमा'. एकाकीं पाहिलें तर 'तातू' आणि 'रारो' ह्यांत कोणाला नातें दिसणार? पण तीनही जोड्या एकापुढें एक ठेवल्या कीं लक्षांत येतें : जेथें स्वाहिलीचा 'त', तेथें सोथोचा 'र'. झुलू भाषा त्याच ठिकाणीं 'थ' म्हणते : थाथू, थुमा. मग 'मोथो' ह्या शब्दांत 'र' कां झाला नाहीं? कारण मूळच्या 'मुंतू' शब्दांत 'त'च्या आधीं अनुनासिक होतें. त्या अनुनासिकाच्या आश्रयास असलेला 'त' सोथोंत 'थ' झाला, आणि आश्रय देणारें अनुनासिक स्वतः लुप्त झालें. म्हणजे अपवादालाही नियम आहे!

हें वाक्य वाचलें आणि मीं पुस्तक मिटून ठेविलें. माझ्या त्या विद्यार्थ्याचा 'डोला', 'काला', 'पानी' हीं काय चुकांचीं उदाहरणें होतीं? चुकणारा मुलगा कधीं बरोबर येतो, कधीं चुकतो. हा मुलगा तर एकदांही चुकला नव्हता. जेथें पुस्तकांत 'ळ', तेथें त्याचा 'ल'. जेथें पुस्तकांत 'ण', तेथें त्याचा 'न'. उत्तर कोंकणांतील कित्येक बोलींचा हा नियमच आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत ठाकरी, वारली, कातकरी ह्या आमच्या डोंगरांतील बोलींची स्वतंत्र नोंद आहे. ज्या गोष्टीची एका परदेशी अधिकाऱ्यानें शास्त्र म्हणून नोंद घेतली, तिची मीं वर्गांत टिंगल होऊं दिली. हिंदी मनुष्य 'काला' म्हणतो तेव्हां त्याला आपण अशुद्ध म्हणत नाहीं, ती त्याची भाषा आहे असें म्हणतों. ठाकराच्या मुलानें म्हटलें कीं मात्र ती चूक ठरते!

असो. मूळ विषयाकडे वळूं. बहिणी आहेत म्हटलें म्हणजे आई कोठें आहे, हा प्रश्न आलाच. ह्या बाबतींत आपण मराठी लोक भाग्यवान आहों. आमच्या मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवावरून नाणेघाटाची वाट चढते. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहनांच्या काळचा, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे. त्याची भाषा प्राकृत आहे. आपल्या भाषेची पूर्वपीठिका अशी दगडावर कोरलेली आपणांस पाहावयास मिळते. बांतू भाषांच्या आईचा असा एकही लेख नाहीं. ती कोणी लिहून ठेविलीच नाहीं. तेव्हां पंडितांनीं मुलींच्या चेहऱ्यांवरून आईचें चित्र काढलें. कार्ल माइनहोफ यांनीं १८९९ सालीं ध्वनींच्या नियमांवरील ग्रंथ लिहून ह्या कामाचा पाया घातला, आणि माल्कम गथ्री यांनीं १९६७ ते १९७१ ह्या वर्षांत चार खंडांचा तौलनिक ग्रंथ प्रसिद्ध केला.

ह्या मूळ भाषेचें माहेर आजच्या नायजेरिया आणि कॅमेरून ह्या देशांच्या सीमेजवळ होतें, असें आतां बहुतेक सर्व अभ्यासक मानतात. सुमारें चार ते पांच हजार वर्षांपूर्वीं तेथून शेती करणारीं माणसें हळूहळू पूर्वेस आणि दक्षिणेस पसरूं लागलीं. ही कांहीं एखाद्या सेनापतीची स्वारी नव्हती. एक पिढी जमीन कसून पुढें सरकली, दुसरी आणखी पुढें गेली. वाटेंत लोखंड वितळविण्याची विद्या आली, गुरें आलीं. दक्षिण टोकाकडे पोहोंचेपर्यंत हजारों वर्षें लोटलीं. तेथें आधींपासून राहणाऱ्या लोकांच्या भाषांत जीभ टाळूला लावून सोडण्याचे 'टक्' असे व्यंजनध्वनि होते. आपल्याकडे बैल हांकतांना गाडीवान असाच आवाज काढतो. तो आपण अक्षर मानीत नाहीं. झुलू आणि खोसा भाषांनीं मात्र ते ध्वनि शेजाऱ्यांकडून उचलले आणि शब्दांत अक्षरें म्हणून बसविले.

आतां ह्या भाषांची खरी गंमत. आपण म्हणतों, मोठा धोंडा पडला, मोठी फांदी पडली, मोठें झाड पडलें. नामाचें लिंग बदललें कीं विशेषण आणि क्रियापद दोन्ही आपलीं शेपटें बदलतात. परक्या माणसाला मराठी शिकतांना ह्याच ठिकाणीं घाम फुटतो. बांतू भाषांत पुरुष, स्त्री, नपुंसक अशीं लिंगें नाहींत. त्यांच्याऐवजीं नामांचे वर्ग आहेत, आणि ते कित्येक भाषांत दहापासून वीसपर्यंत असतात. माणसांचा वर्ग निराळा, झाडांचा निराळा, वस्तूंचा निराळा, भाववाचक नामांचा निराळा. अनेकवचनाचाही वर्ग वेगळा. आणि ह्या वर्गाची खूण आपल्याप्रमाणें शब्दाच्या शेवटीं नसून आरंभीं असते. स्वाहिलींत 'किताबू किकुब्वा किमेआंगुका' म्हणजे मोठें पुस्तक पडलें आहे. पुस्तकें अनेक असलीं तर 'विताबू विकुब्वा विमेआंगुका'. आरंभींचा 'कि' गेला, 'वि' आला, आणि तो तिन्ही शब्दांना लागला. आपली पालखी मागच्या खांद्यावर, त्यांची पुढच्या, पालखी तीच.

चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं 'किताबू' हा अरबी 'किताब' आहे. अरबींत त्यांतील 'कि' हा मूळ शब्दाचाच भाग. पण स्वाहिली बोलणाऱ्याच्या कानाला तो आपल्या वस्तुवर्गाची खूण वाटला, आणि त्यानें बेधडक अनेकवचन केलें : 'विताबू'. आपण तरी काय वेगळें करतों? टेबल आलें, त्याला नपुंसक केलें. बस आली, तिला स्त्री केली. आपली 'गाडी' तिकडे गेली तिचें अनेकवचन झालें 'मागारी'. पाहुणा कोठलाही असो, घरांत आला कीं त्यानें घरच्या रीतीनें वागावें, असा भाषांचा दंडक आहे.

वर्ग बदलून अर्थही बदलतो. आपल्याकडे दोर जाड, दोरी बारीक. डोंगर मोठा, डोंगरी लहान. स्वाहिलींत 'म्लिमा' म्हणजे डोंगर, 'किलिमा' म्हणजे टेकडी. गांडा लोकांच्या भाषेंत त्या जातीचा एक मनुष्य तो 'मुगांडा', अनेक ते 'बगांडा', त्यांचा देश 'बुगांडा' आणि त्यांची भाषा 'लुगांडा'. एकाच मुळाला चार टोप्या घातल्या आणि चार शब्द झाले.

ह्या भाषांचा आपल्या मुलखाशीं कधीं संबंध आला काय? जंजिऱ्याचे सिद्दी आणि मलिक अंबर आपल्याला चटकन आठवतील. पण मलिक अंबर हा हबसाणांतला, म्हणजे इथिओपियांतला. तेथील अम्हारीसारखी भाषा अरबी आणि हिब्रू ह्यांच्या घराण्यांत मोडते, बांतूंत नव्हे. आफ्रिका म्हणजे एक भाषा अथवा एक जात, असा जो आपला समज असतो, तो येथेंच सोडून द्यावा.

बांतू भाषा बोलणारीं मुलें आमच्या शहापूर तालुक्यांतून मात्र खात्रीनें गेलेलीं आहेत. एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश आरमाराच्या नौका पूर्व आफ्रिकेच्या समुद्रांत गुलामांचीं गलबतें पकडीत. त्यांवरून सोडविलेलीं कित्येक मुलें मुंबईस आणलीं जात, आणि त्यांतल्या कांहींना नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनच्या आश्रमांत ठेवून लिहिणें-वाचणें व सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवीत. मुंबईहून नाशिकला जावयाचें तर आग्रा रस्ता घ्या, नाहीं तर १८६५ सालीं पूर्ण झालेल्या थळघाटाच्या लोहमार्गानें जा. दोन्ही वाटा शहापूर तालुका ओलांडून कसाऱ्याचा घाट चढतात. आईबापांपासून तुटलेलीं, गांवाचें नांवही धड न सांगतां येणारीं तीं लेंकरें ह्याच वाटेनें गेलीं.

त्यांतला एक जेकब वेनराइट, याओ जातीचा. याओ ही बांतू कुटुंबांतलीच एक भाषा. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ सालच्या मे महिन्याच्या आरंभीं आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारला, तेव्हां नाशिकला शिकलेलीं कांहीं मुलें त्याच्याबरोबर होतीं. जेकबनें उत्तरक्रियेची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर त्याचें नांव कोरलें. जेकब, मुंबईस शिकलेला चुमा नांवाचा दुसरा याओ, आणि त्यांचे सोबती ह्यांनीं तो देह सुमारें नऊ महिने पायीं वाहून समुद्रकिनाऱ्यास आणला. पुढें १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडन येथें वेस्टमिन्स्टर ॲबींत दफनविधि झाला, तेव्हां शवपेटीचें वस्त्र धरणाऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता. त्याच सुमारास मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, आणि 'मुंबईचे आफ्रिकन' म्हणून ओळखले जाणारे कित्येकजण तेथें परतले. ज्या मुलांना भाषा नाहीं, घर नाहीं असें वाटत होतें, त्यांच्याच खांद्यांवरून ही कामगिरी पार पडली.

शेवटीं शाळेसंबंधीं थोडें बोलतों. दक्षिण आफ्रिकेंत 'बांतू' हा शब्द आज माणसांना लाविला तर तो त्यांना आवडत नाहीं, आणि त्याला कारण आहे. तेथील वर्णद्वेषी सरकारनें १९५३ सालीं 'बांतू शिक्षण' नांवाचा कायदा करून काळ्या मुलांना मुद्दाम हलक्या दर्जाचें शिक्षण नेमून दिलें. पुढें अर्धे विषय आफ्रिकान्स भाषेंतून शिकविण्याची सक्ति झाली, तेव्हां १६ जून १९७६ रोजीं सोवेटोचीं शाळकरी मुलें रस्त्यावर आलीं आणि त्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ती राजवट गेली. १९९६ च्या राज्यघटनेनें अकरा भाषांना राजभाषेचा मान दिला. त्यांपैकीं नऊ बांतू आहेत. २०२३ सालीं खुणांच्या भाषेचीही त्यांत भर पडली. ज्या देशानें माणसांना दिलेलें 'माणसें' हें नांवच अपमानाचें करून टाकलें होतें, त्यानें आपल्या लेंकरांच्या भाषांना अखेर घरांत घेतलें.

मुलाला पुस्तकी मराठी शिकवूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. ती त्याला आलीच पाहिजे. तिच्यावांचून तालुक्याच्या कचेरींत त्याचें कोणी ऐकून घेणार नाहीं. पण एक भाषा देण्यासाठीं दुसरी हिसकावून घ्यावी लागत नाहीं. "तुझ्या घरीं डोला, पुस्तकांत डोळा, दोन्ही लक्षांत ठेव," एवढें एक वाक्य मीं बोलावयास हवें होतें. त्याला माझा अर्धा मिनिट लागला असता.

झुलू भाषेंत 'उमुंतू' म्हणजे माणूस, आणि त्याच मुळाला भाववाचक वर्गाची खूण लाविली कीं 'उबुंतू' होतो. आपणही अगदीं तसेंच करतों. फक्त आपली खूण शेवटीं लागते. माणूस, आणि माणुसकी.

तो मुलगा आतां चाळिशीच्या घरांत असेल. म्हशाच्या जत्रेंत कधीं गर्दींत एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, आणि मी थांबतों. अजून तो भेटलेला नाहीं.